सरकी, सोया की शेंगदाणा: दुभत्याला कोणती पेंड?

दुकानात सरकी पेंडेचं पोतं स्वस्त दिसतं आणि हात तिकडेच जातो. पण पैसे आपण प्रथिनांचे मोजतो, पोत्याचे नाही. न सोललेल्या सरकीच्या पेंडेत, म्हणजे विदर्भातल्या ढेपेत, प्रथिनं साधारण २२ टक्के. सोया डीओसीत, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयाच्या पेंडेत, ४५ च्या आसपास. म्हणून सोयाचा किलोचा भाव सरकीच्या दुपटीच्या आत असेल, तर प्रथिनं सोयातूनच स्वस्त पडतात.

तरी ढेप अगदीच मोडीत काढू नका. घाणी-एक्सपेलरच्या सरकी पेंडेत सहा-सात टक्के तेल राहतं, वर टरफलाचा चोथा. दुधाची फॅट टिकायला दोन्ही उपयोगी. डीओसीतलं तेल द्रावकाने ओढून घेतलेलं असतं, उरतं जेमतेम एक टक्का. ती ऊर्जा मक्याच्या भरड्यातून द्यावी लागते, आणि हा खर्च लोक हिशेबात धरत नाहीत. म्हैस असेल आणि डेअरी फॅटवर भाव देत असेल, तर मी आंबोणात, म्हणजे रोजच्या खुराकात, सरकी ठेवेन. जास्त दुधाच्या संकरित गाईला मात्र सोया आणि मका.

लहान वासरांना सरकी नकोच. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराचं पोट बऱ्यापैकी निभावून नेतं, वासराचं नाही. सोयाही घरी कच्चा भरडून घालू नये: कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, आणि सोबत युरिया प्रक्रियेचा कडबा असेल तर अमोनियाची विषबाधा होऊ शकते.

शेंगदाणा पेंड जनावरं चवीने खातात, प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर. माझी भीती बुरशीची. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की दगावल्या. शोध लागला तो आयात शेंगदाणा पेंडेतल्या अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा. गाईच्या पोटातून ते एम१ रूपात दुधात उतरतं, आणि दूध उकळून जात नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेची दुधातली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी कणभरच. ओल लागलेल्या सरकीलाही हा धोका आहे, पण शेंगदाण्याला अधिक. ओळखीच्या घाण्यावरची ताजी पेंड मिळत असेल तर उन्हाळ्यात घ्या. पावसाळ्यात साठवू नका. खवट वास किंवा जाळी दिसली तर उन्हात वाळवून वापरायचा मोहही नको, विष उन्हाने पूर्ण जात नाही.

पेंड बदलायची ठरलीच, तर जुनी कमी करत नवी आठ-दहा दिवसांत वाढवा.