संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येचे तक्ते: देशासाठी डोळे मिटून, मुंबईसाठी जपून

पाइपचा व्यास ठरवायचा तर तीस वर्षांनी तिथे माणसं किती असतील, ते आधी ठरवावं लागतं. दादरच्या एका सल्लागार कंपनीत वीसहून जास्त वर्षं मी हेच काम करते, आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाचे तक्ते माझ्याकडे सतत उघडे असतात. फुकट आहेत, एक्सेलमध्ये उतरतात. सगळ्यात मोलाचं म्हणजे जुन्या आवृत्त्याही जपून ठेवल्यात, त्यामुळे अंदाज कितपत खरा ठरला ते आपलं आपल्याला ताडून बघता येतं.

मोठ्या आकड्यांना तोड नाही. १९५८ साली त्यांनी २००० च्या जगासाठी ६२८ कोटी सांगितले होते. भरले सुमारे ६१५ कोटी. बेचाळीस वर्षं आधी!

शहरांचं तसं नाही. १९९४ च्या आवृत्तीत २०१५ च्या मुंबईला २ कोटी ७४ लाख दिले होते. २०१८ च्या आवृत्तीत त्याच वर्षाला १ कोटी ९३ लाख.

हे कसं होतं ते माझ्या जुन्या वहीत आहे. २००२ मध्ये, नवीन असताना, साहेबांनी मला बृहन्मुंबईचा, म्हणजे महापालिकेच्या हद्दीचा, २०११ चा अंदाज काढायला बसवलं. १९९१ चे ९९ लाख, २००१ चे १ कोटी १९ लाख ७८ हजार, वाढ २०.७ टक्के. तोच दर पुढे लावून मी पेन्सिलीने १ कोटी ४४ लाख लिहिले. जनगणनेत निघाले १ कोटी २४ लाख. माणशी दीडशे लिटर धरले, तर नसलेल्या माणसांसाठी रोजचं तीस कोटी लिटर पाणी! त्याच दशकात मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी घटला आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. जन्म-मृत्यूचे दर सावकाश बदलतात, पण कल्याणपलीकडे खोली परवडते म्हटल्यावर माणूस बिऱ्हाड हलवतोच.

म्हणून माझी खरी तक्रार ही: देशाच्या तक्त्यात ८० आणि ९५ टक्के शक्यतेचे पट्टे (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल ते) दिलेत, २०१८ च्या शहरांच्या तक्त्यात मात्र एकच ठाम आकडा. शिवाय त्या तक्त्यातली ‘मुंबई’ म्हणजे ठाणे-कल्याण धरून सगळा नागरी पट्टा. २०११ ला तो १ कोटी ८४ लाखांचा होता. महापालिकेच्या हद्दीशी त्याची गल्लत करू नका, अहवालांत ती मी कितीदा तरी दुरुस्त केली आहे.

देशाला साडेचार तारे, शहरांना अडीच.