ओपनसिम्युलेटरचा रीस्टार्ट: घड्याळ बघून की मेमरी बघून?

ओपनसिम्युलेटर या सॉफ्टवेअरवर स्वतःचं आभासी जग चालवायचं तर सर्व्हर अधूनमधून रीस्टार्ट करावा लागतो. तो कधी करायचा, याची पहिली वाट सोपी आहे. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या सोयीत, वेळ टाकली की रोज पहाटे चारला सर्व्हर बंद होऊन परत सुरू. रहिवाशांना वेळ पाठ होते, तुम्हाला काही बघावं लागत नाही. पण पुण्यातले पहाटेचे चार म्हणजे न्यूयॉर्कची संध्याकाळ. तिकडचे लोक तेव्हाच जमतात, आणि त्यांना उगाच बाहेर काढणं मला पटत नाही.

दुसरी वाट मेमरीवर नजर ठेवण्याची. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरला आज्ञा द्यायच्या खिडकीत, ‘शो स्टॅट्स’ दिलं की वापर दिसतो. मात्र आकडा उसळला म्हणजे लगेच गळती, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळीच न होणं, समजू नका. ओपनसिम्युलेटर ज्यावर चालतो त्या डॉटनेटचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग, त्याच्या सवडीने साफसफाई करतो. गर्दी ओसरल्यावर आकडा कुठवर खाली येतो ते रोज टिपून ठेवा. तो तळच वर सरकत असेल, तर काहीतरी नक्की गळतंय.

मग मेमरी संपायची वाट न बघता, जगात माणसं कमी असतील अशी वेळ निवडा. ‘अलर्ट’ने पंधरा मिनिटं आधी सगळ्यांना कळवा, ‘बॅकअप’ने बदल साठवा, मगच ‘शटडाउन’. नुसता रीजन, म्हणजे जगाचा एक तुकडा, रीस्टार्ट करणं इथे पुरत नाही, कारण चालू असलेली मूळ प्रोसेस तीच राहते आणि तिने धरलेली मेमरीही. सर्व्हर मेमरीअभावी मधेच कोसळला, तर कुणीतरी नुकतीच रचलेली भिंत साठवायची राहून जाते.

एखाददुसरा रीजन आणि मोजके लोक असतील तर क्रॉन पुरे. वस्ती वाढली की मेमरीच बघा.