घरी मायनिंगसाठी आरटीएक्स ३०६० टीआय : सहा कार्डं एका खोलीत चालवून झाल्यावरचा रिव्ह्यू

मायनिंग म्हणजे ग्राफिक्स कार्डांकडून सतत गणितं सोडवून घेऊन त्या बदल्यात इथेरियमसारखे डिजिटल कॉइन मिळवणं, आणि आरटीएक्स ३०६० टीआय हे त्यातलंच एक ग्राफिक्स कार्ड. लांबलचक लिहिणार आहे, पण ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. ज्या घरात माणसं राहतात, झोपतात, अभ्यास करतात तिथे रिग, म्हणजे अशी कार्डं जोडलेलं मशीन, ठेवायची असेल तर मी वापरलेल्या कार्डांमध्ये ३०६० टीआय इतकं गुणी कार्ड दुसरं नाही. हॅशरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हॅश (गणितं) होतात त्यात, त्याच्या पुढे भरपूर कार्डं आहेत, पण घरात थोड्याच दिवसांत हॅशरेट बाजूला पडतो आणि रोज उठून उष्णतेचंच बघावं लागतं. मला हे कळायला दोन प्रकारची कार्डं आणि एक जळका कनेक्टर लागला.

माझी सुरुवात २०२१ ला ८ जीबीच्या आरएक्स ५८० वर झाली, चार कार्डं, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेली. एकेक कार्ड ३० मेगाहॅशच्या (सेकंदाला तीन कोटी हॅश) आसपास द्यायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये ८० वॉट दिसायचे म्हणून मी एकदम खूश. मग सॉकेटला वॉटमीटर लावला तर हिशोबच जमेना. ही कार्डं फक्त मुख्य चिपचे वॉट दाखवतात, मेमरी आणि कार्डावरचं पॉवर सर्किट जे खातं ते त्या आकड्यात धरतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक कार्डामागे ३० वॉट तरी वरचे. तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या वॉटवर विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही कार्ड निवडायच्या आधी एक साधा वॉटमीटर घ्याच, सगळ्यात आधी तो.

त्यानंतर दोन ३०८० घेतली. आकडे बघून कोणालाही मोह होईल असंच कार्ड आहे ते, १०० मेगाहॅशच्या जवळ, तेही २३० वॉटमध्ये. पण एका कार्डाचा हॅशरेट सुरू केल्यावर दहा मिनिटांत पडायचा. चिपचं तापमान ६२, पंखा नीट फिरतोय, धूळ नाही, सगळं हिरवं. दोन दिवस मी ड्रायव्हर बदलत बसले, मग मेमरी जंक्शनचं, म्हणजे मेमरी चिपच्या आतलं, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि तिथे ११० डिग्री. ३०८० मधली जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी ११० ला पोचली की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, म्हणजे कार्डाचं काहीच चुकत नव्हतं.

उघडलं तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. मेमरीच्या चिपा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मधे जे राखाडी थर्मल पॅड असतात त्यांच्यावर चिपेचा चौकोनी ठसा उमटलेला असायला हवा, दाबला गेल्याची खूण म्हणून. माझ्या कार्डात काही पॅडवर ठसा पूर्ण, काहींवर अर्धाच, आणि एका पॅडवर तर फक्त एका कडेला रेघ. म्हणजे ती चिप हीटसिंकला नीट टेकलेलीच नव्हती, आणि खाली बोर्डावर पॅडमधून झिरपलेलं तेल. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, पण एवढ्या महागाच्या वस्तूत पॅड लावताना इतकी हयगय करू नये असं मनापासून वाटलं.

पॅड बदलायचे असतील तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, जाडी. पॅड अर्धा, एक, दीड, दोन, तीन मिलिमीटर अशा जाड्यांमध्ये मिळतात आणि एकाच कार्डावर मेमरीला एक जाडी, पॉवर सर्किटला दुसरी, बॅकप्लेटला (कार्डाच्या मागची पट्टी) तिसरी असं असतं. सगळे विचारतात किती डब्ल्यू पर एम के चा (उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचा आकडा) पॅड घेऊ, पण जाडी चुकली तर महागातला पॅडही उपयोगाचा नाही. पातळ पडला तर टेकत नाही, आणि जाड पडला तर त्याहून वाईट, हीटसिंक वर उचलला जातो आणि मुख्य चिपेवरची पेस्ट नीट दाबली जात नाही, मग मेमरी थंड आणि चिप तापलेली. मी पहिल्या वेळी हेच केलं होतं, चिपचं तापमान ६२ वरून थेट ७८, परत सगळं उघडून मऊ पॅड घातले तेव्हा कुठे मेमरी ९० च्या आत आली. जुने पॅड टाकून देण्याआधी न दाबलेल्या कडेला मोजा, हा माझा आग्रहच आहे.

तरीपण दोन ३०८० म्हणजे खोलीत साडेचारशे वॉटपेक्षा जास्त फक्त कार्डांचे, आणि ते दोनच ठिकाणी एकवटलेले. तिथून मी ३०६० टीआय वर आले.

आता हे कार्ड का, ते नीट समजून घ्या, कारण यातच निवडीचं सगळं गणित आहे. इथेरियमची जुनी मायनिंग पद्धत इथॅश किंवा तिच्यासारखंच इथेरियम क्लासिक या वेगळ्या कॉइनचं ईटीसीहॅश घ्या, एक हॅश काढायला कार्ड मेमरीतून ६४ वेळा १२८ बाइट वाचतं, म्हणजे एका हॅशला ८ केबी. ३०६० टीआय च्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. भागाकार करा, साधारण ५४-५५ मेगाहॅश येतात, आणि मेमरी थोडी ओव्हरक्लॉक केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवली, की ६०. आता ३०७० बघा, त्यातही तीच २५६ बिटची मेमरी, तोच ४४८ चा वेग, म्हणून त्याचाही हॅशरेट ६० च्याच आसपास, फक्त कोर (चिपमधले गणित करणारे भाग) ४८६४ च्या जागी ५८८८ आणि खोक्यावर २०० वॉटच्या जागी २२०. ते जास्तीचे कोर या कामात बसूनच राहतात. आरएक्स ५८० ला हाच भागाकार लावा, २५६ जीबी, ३१ मेगाहॅश, बरोबर बसतं. त्यामुळे अशा मेमरीवर चालणाऱ्या कॉइनसाठी कार्ड घेताना गेमिंगचे रिव्ह्यू बघण्यात वेळ घालवू नका, मेमरीचा वेग बघा आणि मग वॉट बघा.

खोक्यावर २०० वॉट लिहिलेलं हे कार्ड मी १२० वॉटला चालवते. कोरचा वेग १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास लॉक केला, कारण चिप नुसती मेमरीची वाट बघत बसते, तिला जोरात पळवून फक्त उष्णता वाढते. हा वेग कमी केला की व्होल्टेजही खाली येतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-कमी होते, म्हणून थोडंसं खाली आणलं तरी वॉट भराभर उतरतात. नुसती पॉवर लिमिट लावून पण चालतं, पण कोर लॉक केला की आकडे जास्त स्थिर राहतात असा माझा अनुभव आहे. एक घोळ सगळ्यांचा होतो तोही सांगते, लिनक्सवरच्या मायनिंग ओएसमध्ये मेमरीला जो २००० चा ऑफसेट (मूळ वेगावर किती वाढ) लिहितात तो विंडोजमधल्या आफ्टरबर्नर या कार्डाचे वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये १००० असतो. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा चिकटवला की मशीन लटकतं आणि लोकांना वाटतं कार्ड खराब निघालं. आणि ऑफसेट वाढवत नेताना हॅशरेटपेक्षा चुकीचे शेअर (कार्डाने सोडवून पाठवलेली उत्तरं) किती येतायत तिकडे डोळा ठेवा.

थंड राहण्याच्या बाबतीत हे कार्ड सोपं आहे. १२० वॉटला दोन पंख्यांचं मॉडेल पुरतं, तीन पंख्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायची अजिबात गरज नाही. माझ्याकडे पंखे ५५-६० टक्क्यांवर आणि चिप ५० ते ५५ डिग्रीत असते. पंखे चोवीस तास १०० टक्क्यांवर ठेवू नका, आवाज तर होतोच, पण बेअरिंग लवकर जातं. माझ्या एका कार्डाचा पंखा सव्वा वर्षात खरखरायला लागला, स्लीव्ह बेअरिंगचा होता, तेव्हापासून घेताना बॉल बेअरिंग आहे का ते विचारते. ब्लोअरवालं कार्ड, म्हणजे एकच पंखा आणि मागून हवा फेकणारं, बंद कॅबिनेटमध्ये ठीक आहे, उघड्या फ्रेमवर नको, त्याचा आवाज घरात सहन होत नाही.

या कार्डाबद्दल माझी एक तक्रार आहे. साध्या जीडीडीआर६ वाल्या मॉडेलवर मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. ३०८० ने मला इतका त्रास दिला, पण निदान आकडा तरी दाखवला. इथे मी बॅकप्लेटवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरते आणि एका कार्डाची दुसऱ्याशी तुलना करते, सहातलं एखादं बाकीच्यांपेक्षा आठ-दहा डिग्री वर दिसलं की समजायचं पॅडचं काहीतरी आहे. आणि हो, २०२२ च्या शेवटी याच नावाने जीडीडीआर६एक्स मेमरीचं ३०६० टीआय पण आलं, त्यामुळे घेताना मेमरी कुठली ते खोक्यावर वाचून घ्या, नाव तेच असलं तरी वागणं वेगळं.

आता खोलीकडे येते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. सहा कार्डांचे ७२०, बाकी मशीनचे ६०-७०, पॉवर सप्लायमध्ये जाणारे वेगळे, माझा वॉटमीटर ८७५ च्या आसपास दाखवतो. दिवसाला २१ युनिट. आणि यातला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच खोलीत येतो, कुठेही दुसरीकडे जात नाही. म्हणजे चोवीस तास हीटर चालू आहे असंच धरून चाला. रिगसमोर टेबल फॅन लावला की कार्डांचे आकडे पाच डिग्री उतरतात आणि वाटतं जमलं, पण दार बंद करून तीन तासांनी बघा, खोलीच तापलेली असते आणि तीच गरम हवा पंखा परत कार्डांवर मारत असतो. माझ्या आईने एकदा रात्री खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, अगं इस्त्री चालू राहिलीय का आत. तेव्हा खोलीत ३९ होतं.

हवा बाहेर गेली पाहिजे. किती, तर एक सोपं सूत्र आहे, वॉट गुणिले १.७६ भागिले तापमानात जितक्या डिग्रीची वाढ चालेल ती, उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. माझे ८७५ वॉट आणि बाहेरच्यापेक्षा १० डिग्री जास्त चालेल असं धरलं तर १५४ सीएफएम. जाळी, डक्ट, वळण यात पंख्याची ताकद बरीच जाते, त्यामुळे कागदावर याच्या दीडपट तरी असलेला एक्झॉस्ट घ्या. तो वर लावा, छताजवळ, आणि समोरच्या बाजूला खालून हवा आत यायला वाट ठेवा. आत येणारी वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसताच गुरगुरतो. मी आधी एक्झॉस्ट आणि खिडकी शेजारी शेजारी ठेवली होती, तर ताजी हवा आल्या पावली बाहेर, रिगपर्यंत पोचतच नव्हती. जागा बदलल्यावर त्याच पंख्यावर खोली सहा डिग्रीने उतरली. एसी लावून थंड करायचा विचार करू नका, उष्णता काढायला परत वीज जाळायची, त्यात काही उरत नाही.

फ्रेमवर दोन कार्डांच्या मधे सात-आठ सेंटीमीटर ठेवा. मधल्या कार्डांना शेजारच्याची गरम हवा मिळते, म्हणून सगळ्यात चांगले पॅड असलेली कार्डं मधे आणि बाकीची कडेला असं मी लावलंय.

जळक्या कनेक्टरचं राहिलं. रायझरला, म्हणजे कार्ड मदरबोर्डपासून लांब ठेवून जोडणाऱ्या पट्टीला, सॅटाची (हार्ड डिस्कला वीज देणारी) पॉवर केबल लावू नका, कृपा करून. सॅटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच झेपवतो, आणि कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून, इथे रायझरमधून, ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. माझ्या रायझरसोबत खोक्यात ती केबल आली होती म्हणून मी ती लावली. आठवड्याभरात वास, बघितलं तर कनेक्टरचं काळं प्लास्टिक एका पिनजवळ वितळून फुगलेलं आणि पिवळ्या वायरचं आवरण तपकिरी. घरात माणसं झोपलेली होती. पॉवर सप्लायमधून थेट येणारी सहा पिनची केबल वापरा, आणि एकाच केबलवर तीन-तीन रायझर टांगू नका.

कमाईचं विचाराल तर १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, त्या दिवसानंतर जुने आकडे विसरून जा. आता जे कॉइन राहिलेत त्यातलं रेव्हनकॉइन कोरला पण कामाला लावतं, हेच कार्ड तिथे १५० वॉटच्या वर जातं आणि खोलीचं सगळं गणित परत मांडावं लागतं. मी बहुतेक वेळ क्लासिक चालवते आणि उन्हाळ्यात सहातली दोन कार्डं सरळ बंद ठेवते. वीज विकत घेऊन फायदा होईलच असं कोणाला सांगणार नाही, तुमच्या युनिटच्या दराने आधी हिशोब करा.

जुनं ३०६० टीआय घेत असाल तर मायनिंगमध्ये वापरलेलं आहे एवढ्यावरून नाकारू नका, १२० वॉटला एकसारखं चाललेलं कार्ड रोज तापून थंड होणाऱ्या कार्डापेक्षा वाईट असेलच असं नाही. पण पंखा हाताने फिरवून बघा, अडखळतो का. बॅकप्लेटच्या कडेने तेल दिसतंय का बघा. आणि विकणाऱ्यासमोर किमान अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा, पाच मिनिटांत काही कळत नाही, माझं ३०८० सुद्धा पहिली दहा मिनिटं एकदम झकास चालायचं.