टोयोटाची नवी सेलिका की माझदाची रोटरी स्पोर्ट्स कार, कुणाची वाट बघायची?

सेलिका, टोयोटाची जुनी स्पोर्ट्स कार, नव्याने आधी येईल असं मला वाटतं, कारण २०२४ च्या रॅली जपानमध्ये टोयोटाच्या बड्या साहेबांनी सरळ सांगून टाकलं की करतोय म्हणून, आणि २०२५ च्या टोकियो ऑटो सलोनमध्ये नवं २ लिटर टर्बो इंजिन जीआर यारिसमध्ये सीटच्या मागे बसवून दाखवलं, आता ते सेलिकात येतं का ते बघू. फोर व्हील ड्राइव्ह मात्र पाहिजेच, रॅली ड्रायव्हर कार्लोस साइन्झने १९९० आणि १९९२ चं रॅली जगज्जेतेपद सेलिका जीटी-फोरमध्येच मारलंय राव!

माझदाची आयकॉनिक एसपी ही रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं इंजिन) कन्सेप्ट कार दिसायला एक नंबर. २०२३ ला दाखवली तेव्हा ३७० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) आणि १४५० किलो सांगितलेले, आणि ते उघडणारे हेडलाइट बघून माझदाच्या जुन्या रोटरी कारचे, आरएक्स-७ चे, चाहते वेडेच झाले. पण यात रोटरी फक्त वीज बनवणार, चाकं फिरवणार मोटर, म्हणजे एफडीचं (शेवटच्या आरएक्स-७ चं) ते दोन टर्बोवालं १३बी इंजिन ८००० आरपीएमच्या दिशेने ओरडत जायचं ती मजा कुठून येणार? शिवाय २०१२ ला आरएक्स-८ बंद झाल्यापासून रोटरी स्पोर्ट्स कारची नुसती आशाच दाखवतायत.

फोटो माझदाचा लावीन, पैसे सेलिकावर. मॅन्युअल गिअरबॉक्स दिला तरच हां.