सहा रविवार, ३५०० रुपये आणि सासूबाईंचा आवाज : सेल्फ डिफेन्स क्लासचा रिव्ह्यू

क्लासचं नाव लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण पुढे थोडं वाकडं पण लिहिणारे आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पुण्यातलाच आहे, कर्वेनगर-वारजे साईडला एका शाळेच्या हॉलमध्ये, सहा रविवार, सकाळी ८ ते १०, फी ३५०० आणि दोघी एकत्र आलात तर ६०००. मी सासूबाईंना घेऊन गेले, म्हणजे खरं तर त्याच मला घेऊन गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर आलं होतं, घोड्यावरची तलवारवाली बाई आणि खाली "रणरागिणी व्हा!", मी बघून पुढे ढकलणार होते तर म्हणाल्या अगं जाऊन तर बघू, रविवारी तशीही दहापर्यंत लोळतच असतेस. वय ६१, उजवा खांदा फ्रोझन. हे खांद्याचं लक्षात ठेवा, पुढे येणारे.

पहिल्या रविवारी आम्ही २२ जणी होतो, कॉलेजच्या पोरी, दोन नर्स, एक बँकेतली, हिंजवडीवाल्या तीन-चार आणि आम्ही. सरांनी पॅड धरलं आणि म्हणाले मारा. तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग असतो ना त्याने मारायचं, मुठीने नाही, कारण सवय नसताना मूठ मारली तर आपलीच बोटं मोडतात. तर पहिली मुलगी आली, मारलं, आणि म्हणाली "सॉरी सर". दुसरी आली, "सॉरी, लागलं का?" मी मनात हसत होते आणि माझा नंबर आल्यावर मीही तेच केलं, तोंडातून निघूनच गेलं हो. २२ पैकी १७ जणींनी सॉरी म्हटलं, सर मोजत होते. मग त्यांनी बॅगेतून बोर्नव्हिटाची रिकामी बरणी काढली, म्हणाले प्रत्येक सॉरीला १० रुपये. शेवटच्या रविवारी त्या पैशातून सगळ्यांना वडापाव आणि चहा झाला, आणि तरी ४० रुपये उरले. मला विचाराल तर फीचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले, कारण तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की मी मारल्यावर माफी मागणारी बाई आहे.

दुसरा रविवार आवाजाचा. हा सगळ्यात भारी. सर म्हणाले समोरचा माणूस पुढे येतोय, हात पुढे करून "मागे हो!" म्हणून ओरडा. माझ्या घशातून जे निघालं ते मांजरीचं पिल्लू बरं. सासूबाई मात्र ३४ वर्षं झेडपीच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळलेल्या, त्यांनी एकदाच "ए! मागे हो!" केलं तर हॉलबाहेरचा वॉचमन आत आला काय झालं बघायला. सर थक्क. मग त्यांनी समजावलं ते महत्त्वाचं आहे, नुसतं वाचवा वाचवा ओरडलं की गर्दीतला प्रत्येकजण समजतो दुसरा कोणी जाईल, म्हणून एका माणसाला पकडायचं, "ओ निळा शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा" (११२ म्हणजे इमर्जन्सीचा नंबर), आणि काय चाललंय ते स्पष्ट बोलायचं, "मी ह्याला ओळखत नाही, माझा हात सोड", म्हणजे नवरा-बायकोचं भांडण समजून लोक पुढे निघून जात नाहीत. ही गोष्ट मला कुणी कॉलेजात असताना का नाही सांगितली देव जाणे.

त्याच दिवशी एकीने विचारलं की सर वेळ आल्यावर आवाजच फुटला नाही तर? त्यावर सर जे बोलले त्यासाठी त्यांना माझ्याकडून फुल मार्क. म्हणाले, नाही फुटत कधीकधी, शरीर गोठतं, तो घाबरटपणा नाही, मेंदूच तसं करतो, आणि ज्या बाईचं तसं झालं तिची काही चूक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट डेपोतल्या उभ्या शिवशाहीत बलात्काराची जी केस झाली, ताई तुमची बस तिकडे लागलीय असं सांगून मुलीला नेलं होतं असं बातम्यांत आलं होतं, त्यानंतर आठवडाभर आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये "मग ती ओरडली का नाही" हेच चाललं होतं, बायकासुद्धा बोलत होत्या, आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. सराव केला की गोठायची शक्यता थोडी कमी होते, एवढंच सर म्हणाले, गॅरंटी वगैरे काही दिली नाही.

तिसरा रविवार पकडींचा. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा कारण पकडीची कच्ची जागा तीच, चार बोटांशी झटापट करत बसायचं नाही. केस मागून धरले तर आपले दोन्ही हात त्याच्या हातावर दाबून धरायचे म्हणजे मुळं ओढली जात नाहीत आणि मग त्याच्याकडे वळायचं. नडगीवर लाथ, पायाच्या पंजावर टाच, आणि पळ. दरवेळी शेवटी "पळ" हे सर म्हणायचेच. हे सगळं हाताला बसायला वेळ लागतो, मी रोज रात्री नवऱ्याला मनगट धरायला लावायचे, तो बिचारा टीव्ही बघत एक हात पुढे करायचा.

इथे खांदा आला. सासूबाईंना उजवा हात वर नेताच येईना आणि सरांकडे त्याला काही तोडगाच नव्हता, "काकू तुम्ही बसा जरा, बघा नुसतं" म्हणून त्यांना खुर्ची दिली, आणि दोन रविवार त्या खुर्चीतच. अहो ३००० रुपये बसायला दिलेत का? पोस्टरवर "सर्व वयोगटासाठी" लिहायचं असेल तर खांदे, गुडघे, बीपी याचा विचार करायला नको? कोपराने मारता येतं, पर्स तोंडावर फेकता येते, छत्री आहे, आवाज तर आहेच. यासाठी दोन स्टार कापले मी.

चौथ्या रविवारी वस्तूंचं प्रदर्शन. पेपर स्प्रेबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण प्रत्येकीच्या पर्समध्ये एक असतो आणि कुणी तो कधी दाबून बघितलेला नसतो. आत मिरचीचाच तिखट अर्क असतो, लायसन वगैरे लागत नाही. सरांनी साधं पाणी भरलेल्या डब्या आणल्या होत्या, गच्चीवर नेलं, आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेने उभं केलं मुद्दाम. माझा सगळा फवारा माझ्याच चष्म्यावर. खरा असता तर मीच पाऊण तास डोळे चोळत बसले असते. मग दुसरा प्रयोग, पर्स खांद्यावर, सर "आता!" म्हणणार आणि स्प्रे काढायचा. मला ११ सेकंद लागले. कंगवा, चार्जर, क्रोसिनची पट्टी, गेल्या महिन्याचं डीमार्टचं बिल, मग स्प्रे, आणि मग त्याचं लॉक. ११ सेकंदात माणूस रस्ता ओलांडून येतो. तेव्हापासून तो जॅकेटच्या खिशात असतो किंवा अंधारात चालताना सरळ हातात. आणि एक्स्पायरी बघा बायांनो, साधारण दोन-तीन वर्षं असते. माझा घरचा जुना २०२१ चा होता, संडासाच्या खिडकीतून दाबून बघितला तर धार नाही, नुसती लाळ गळल्यासारखं काहीतरी. विमानात केबिन बॅगेत चालत नाही हेही सांगून ठेवते, माझा एक लोहगावला सिक्युरिटीच्या डब्यात गेलाय. आणि हे सगळे स्प्रे गुलाबीच का असतात, मारणाऱ्याला काय बार्बी वाटावं म्हणून?

पिन ओढली की किंचाळणारा अलार्म पण घेतला, ३५० चा. आवाज खरंच कानठळ्या बसवणारा आहे, कसं कळलं तर माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्याने कात्रजच्या बसमध्ये पिन ओढली आणि मला पिन परत घालायची जागा सापडेना. कंडक्टर म्हणाले ताई उतरता का जरा. उतरले. पण बघा, अख्ख्या बसने मान वळवून माझ्याकडे बघितलं, म्हणजे वस्तू काम करते. त्यासोबत ४९९ चं टोकदार कीचेन पण विकत होते, ते नाही घेतलं, शिकवलं पाचच मिनिटं आणि विकलं वीस मिनिटं.

त्याच दिवशी फोनचं पण झालं. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण असायलाच हवं असा नियम आहे, बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर दाबलं की ११२ ला जातं, कुठे तीनदा कुठे पाचदा, तुमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या. बँकवाल्या ताईंनी बघायला म्हणून दाबलं आणि लागला की खरंच. त्यांनी घाबरून कट केला तर तिकडून परत फोन, मॅडम तुम्ही सुरक्षित आहात ना. ताई लाजेने लाल. पण कट केल्यावर ते परत फोन करतात हे सगळ्यांना फुकटात कळलं.

एक वकील मॅडम तासभर येऊन गेल्या, तो तास दोन तासांचा हवा होता. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, स्वतःच्या बचावाची कलमं ९६ ते १०६ होती ती आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली, जुलै २०२४ पासून. स्वतःचा बचाव करणं हा गुन्हा नाही, पण जेवढं गरजेचं तेवढंच, आणि धोका आहे तोपर्यंतच, म्हणजे तो पडला आणि तुम्ही सुटलात की मग मागे जाऊन अजून दोन लाथा घातल्या तर तो बचाव राहत नाही. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्याने केलेला हल्ला, अॅसिड, यात तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो, कलम ३८. आणि एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. सासूबाईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, समास आखून.

आता वाकडं. पाचवा रविवार, चाकू. रबरी चाकू घेऊन सर हल्ला करणार आणि आपण हात पिरगाळून चाकू काढून घ्यायचा. दिसायला एकदम साऊथचा पिक्चर. सगळ्याजणी खूश, रील्स काढल्या. मग त्या नर्सपैकी एक म्हणाली सर चाकूऐवजी हे घ्या, आणि लाल स्केचपेन दिलं, स्वतः पांढरा टी-शर्ट घालून उभी राहिली, आणि म्हणाली हळू नका करू, खरं करा. तिने पेन काढून घेतलं बरं का, जिंकली. पण टी-शर्टवर सात लाल रेघा, एक मानेजवळ. हॉलमध्ये कुणी काही बोलेना. सर जरा चिडले, म्हणाले टेक्निक बसायला वेळ लागतो. ती म्हणाली सर मी कॅज्युअल्टीला असते, मला माहितीये सात रेघा म्हणजे काय. जून २०२३ ला सदाशिव पेठेत भरदिवसा कोयता घेऊन एक जण मुलीच्या मागे लागला होता, ती जीव खाऊन पळाली आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी त्याला धरला म्हणून वाचली. चार रविवार "पळ, ओरड" शिकवून पाचव्या रविवारी चाकू हिसकवायला लावणं म्हणजे आधीचं सगळं धुवून टाकणं. हा रविवार काढून टाका सर, मनापासून सांगते.

आणि त्या जागी काय घ्यावं तेही सांगते. शेवटच्या रविवारी प्रश्नोत्तरं होती. कॉलेजची एक मुलगी, सहा आठवडे कोपऱ्यात उभी असायची, तिने विचारलं, "सर, ओळखीचा असेल तर? म्हणजे घरातलाच?" सर एकदम गडबडले. म्हणाले मोठ्यांना सांगायचं, आणि पुढचा प्रश्न. बस्स. सहा रविवार आम्ही अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाशी लढलो आणि एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ब्युरोचे, अलीकडचे आकडे काढा, बलात्काराच्या नोंदलेल्या केसेसमध्ये दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाला "मागे हो" म्हणायला किती जड जातं हे आपल्याला, पॅडला मारून सॉरी म्हणणाऱ्यांना, कुणी सांगायला नको. कॅनडात ह्यावर नीट काम झालंय, २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं, तीन युनिव्हर्सिटीतल्या फर्स्ट इयरच्या ८९३ मुली, अर्ध्यांना १२ तासांचं ट्रेनिंग आणि अर्ध्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभराने बघितलं तर ट्रेनिंगवाल्यांत बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के, बाकीच्यांत ९.८. आणि त्या ट्रेनिंगचा भर ओळखीच्यांवरच होता, आपल्या माणसाला धोका म्हणून ओळखणं, भिडेपोटी गप्प न बसणं. आमचा क्लासही मोजून १२ तासांचाच होता हो. तेवढ्यात झालं असतं.

मी सरांना हे मेसेजमध्ये लिहिलं, त्यांनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

परत येताना स्कूटरवर मी बडबडत होते की बघा ना कसं टाळलं त्या मुलीला, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं तिला नंबर दिलाय मी माझा. बुधवारी येणारे आपल्याकडे. पोहे करू."

तर, पाचपैकी तीन स्टार. आवाज, सॉरीची बरणी आणि वकील मॅडमसाठी जरूर जा, चाकूच्या रविवारी दांडी मारली तरी चालेल, कीचेन घेऊ नका. चेंजिंग रूम नाही, घरूनच ट्रॅक पँट घालून जा, ओढणी नको, पाण्याची बाटली न्या. पार्किंगची बोंब आहे, गाडी मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीसमोर लावा, गेटसमोर लावलीत तर वॉचमन हवा सोडतो. पुढच्या बॅचला सासूबाईंनी परत नाव दिलंय, म्हणाल्या यावेळी खुर्ची दिली तर सरांनाच बसवते तीवर.