स्वस्त तिकीट की लवचिक तिकीट : मुंबई–दिल्ली प्रवासाचा अनुभव

दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या, म्हणजे फळे-भाज्यांच्या घाऊक बाजारातल्या, व्यापाऱ्यांना भेटण्यासाठी मी आणि माझ्या थोरल्या भावाने भुसावळच्या एका एजंटाकडून मुंबई–दिल्ली विमानाची तिकिटे काढली. भावाचे तिकीट सर्वांत स्वस्त भाड्याचे, 4,850 रुपयांचे होते. माझे लवचिक भाड्याचे, म्हणजे तारीख बदलताना शुल्क न लागणारे, 6,100 रुपयांचे. विमान एकच, रांग एकच, आसनेही शेजारची. प्रवासाच्या आठवड्यातच रावेरकडच्या आमच्या बागेची कापणी ठरली आणि, केळीचा तयार घड झाडावर थांबवता येत नसल्यामुळे, आम्हाला तारीख चार दिवस पुढे न्यावी लागली.

माझ्या तिकिटावर बदलाचे शुल्क लागले नाही, तरी भाड्यातील फरक म्हणून 1,240 रुपये भरावे लागले. भावाला तोच फरक आणि वर 2,999 रुपये शुल्क, असे एकूण 4,239 रुपये मोजावे लागले. त्याचे तिकीट रद्द केले असते तर करापोटीचे अवघे 780 रुपये परत मिळणार होते, म्हणून तारीख बदलणेच त्यातल्या त्यात परवडले.

एजंटाने हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, त्याबद्दल मी त्याचा मनापासून आभारी आहे. इकॉनॉमीतील आसनांची विक्री वेगवेगळ्या अक्षरांच्या भाडेवर्गांत होते. स्वस्त अक्षराची आसने संपली की त्याच आसनासाठी पुढच्या, महाग अक्षराचे भाडे द्यावे लागते. त्यामुळे ‘मोफत बदल’ या शब्दांचा अर्थ फक्त शुल्क माफ एवढाच असतो, फरक माफ असा नसतो, आणि ही गोष्ट तिकीट विकतानाच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. विमान कंपनीबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे की भावाच्या तिकिटावर ‘बदल शुल्क लागू’ एवढेच छापले होते, रक्कम कुठेही नव्हती.

रद्द केलेल्या स्वस्त तिकिटावरचे कर आणि विमानतळाचे वापर शुल्कही परत मिळते, आणि रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त आकारता येत नाही, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. अनेक जण हा परतावा मागतच नाहीत. तो अवश्य मागावा.

लग्नाची तारीख पक्की असेल तर स्वस्त भाडे घ्यायला हरकत नाही. कापणी, बाजारभाव किंवा दवाखाना यांवर प्रवास अवलंबून असेल, तर 1,250 रुपये जास्त देऊन मी पुन्हा लवचिक तिकीटच घेईन.