रायझन 5 5600एक्स, आठ महिने ओव्हरक्लॉक करून: मे महिन्यात तगला, डिसेंबरात आडवा झाला

उन्हाळ्यात या प्रोसेसरची तारीफ करताना "कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरला सरसकट उणे 30 टाका आणि विसरून जा" असं एक वाक्य मीच ठोकून दिलं होतं. ते वाक्य मागे. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र गणक. कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणजे बायोसमधली, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमधली, प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करायची सोय.) जळगावच्या मे महिन्यात, खोलीत 41 अंश असताना जे मशीन तासन्‌तास रेंडर करून हूं की चूं करत नव्हतं, तेच डिसेंबरात सकाळी सातला, नुसता ब्राउझर उघडा असताना, काळा पडदा दाखवून रिस्टार्ट मारायला लागलं. आठवड्यातून तीनदा. निळा स्क्रीन नाही, एररचा कोड नाही, काही नाही.

बाकी मांडणी साधीच: बी550 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम 3600 वर, 120 मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर, 550 वॉटचा एसएमपीएस. पीबीओ (एएमडीचीच ओव्हरक्लॉकची, म्हणजे चिपला ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याची सोय) चालू, बूस्ट ओव्हरराइड (वेगाचं वरचं टोक किती वाढवायचं) अधिक 200 मेगाहर्ट्झ, पीपीटी (चिपची वॉटची मर्यादा) 100 वॉट, टीडीसी 70 आणि ईडीसी 105 अँपिअर (सततच्या आणि क्षणिक करंटची मर्यादा). मूळ आकडे 76 वॉट, 60 आणि 90 आहेत, म्हणजे फार हावरटपणा केलेला नाही.

अशा रिस्टार्टवर आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं: "गरम होतंय." डिसेंबरात, सकाळी सातला! नंतर दुकानातून मिळणारी औषधंही ठरलेली. विंडोज नवीन टाका, रॅम बदला, एसएमपीएस मोठा घ्या. तपास शून्य आणि बिल काही हजारांचं. हा दोष शोधायला आणि निस्तरायला एक रुपया लागत नाही, फक्त चार रात्री मशीन चालू ठेवावं लागतं. म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

आधी थंडीचं गणित. सहाही कोअर पूर्ण भाराखाली असतात तेव्हा वॉटची मर्यादा त्यांना 4600 मेगाहर्ट्झच्या आसपास रोखून धरते. एकटाच कोअर जागा असतो, म्हणजे माऊस हलतोय, एखादी टॅब उघडतेय, तेव्हा तो थेट वरच्या टोकाला उडी मारतो. या प्रोसेसरचं ते टोक 4650, त्यावर आपण दिलेले 200 धरून 4850. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी म्हणजे साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट. उणे 30 म्हणजे 90 ते 150 मिलिव्होल्ट कापले. 4600 वर तेवढी काटकसर खपते, 4850 वर नाही. आता यात तापमान घाला. प्रोसेसर गरम असला की बूस्ट 25-25 मेगाहर्ट्झने खाली उतरतो. मे महिन्यात हलक्या कामातही कोअर 65-70 अंशांवर होते, त्यामुळे 4850 क्वचितच गाठलं जात होतं. थंडीत खोली 14-15 अंशांवर आली, कोअर चाळिशीत राहिला, आणि मशीन बिनदिक्कत वरच्या टोकाला जाऊन बसू लागलं. तिथे व्होल्टेज अपुरं, की झाला काळा पडदा. खानदेशचा उन्हाळा या सेटिंगचं पाप झाकत होता, एवढंच.

म्हणून सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकून गुण देणारी चाचणी) अर्धा तास चालवून "स्टेबल आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सिनेबेंच भार तपासतो. हा दोष मशीन रिकामं असताना येतो.

पुरावा विंडोजमध्येच पडलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि फिल्टरमध्ये स्रोत म्हणून डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोजची हार्डवेअरच्या चुकांची नोंदवही) निवडायचा. कर्नल-पॉवर 41 ही लाल नोंद दिसली की बरेच जण तीच घेऊन बसतात. ती फक्त "मशीन मागच्या वेळी नीट बंद झालं नाही" एवढंच सांगते. तेराव्याला येऊन माणूस गेल्याची बातमी देणारा पाहुणा. कामाची नोंद इव्हेंट 18. तिच्यात कॅश हायरार्की एरर असं लिहिलेलं असतं आणि खाली प्रोसेसर एपिक आयडी. या सहा कोअरच्या चिपमध्ये आयडी 0 ते 11 असतात आणि प्रत्येक कोअरला दोन: 0 आणि 1 म्हणजे कोअर 0, 2 आणि 3 म्हणजे कोअर 1. इथे दर वेळी 4 नाहीतर 5 येत होता. गुन्हेगार कोअर 2. बाकीचे पाच सज्जन, हा एकटा दोन नंबरवाला.

हा दोन नंबर गंमत म्हणजे चिपमधला सर्वांत चांगला कोअर आहे. एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावर चांदणी दिसते. चांगल्या कोअरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं आणि एकट्याचं काम विंडोज आधी त्यालाच देते. म्हणजे वर सगळ्यांत जास्त जाणार तोच, आणि कापायला सगळ्यांत कमी शिल्लक त्याच्याकडेच. सरसकट उणे 30 दिलं की आधी तोच पडणार. चांदणीवाल्या कोअरपासून सुरुवात करा. उणे 5 ते उणे 10 च्या पुढे तो सहसा जात नाही. साध्या कोअरला उणे 20-25 सहसा झेपतं.

तपासायचं साधन कोअरसायक्लर. फुकट आहे. एकेका कोअरवर आळीपाळीने प्राइम95 (मोठी गणितं करवून चुका पकडणारा प्रोग्रॅम) चालवतं. कॉन्फिग फाइलमध्ये मोड एसएसई (हलक्या सूचनांचा) ठेवायचा आणि एफएफटी (गणिताचा आकार) ह्यूज. एव्हीएक्स2 निवडायचा मोह होतो, कारण तो "जड" वाटतो. पण जड सूचनांवर क्लॉक खाली येतो आणि आपल्याला वरचंच टोक तपासायचंय. प्रत्येक कोअरला 6 मिनिटं दिली तर सहा कोअरची फेरी 36 मिनिटांत होते. एवढ्याने ढोबळ चुका सापडतात, खात्री होत नाही. दोन नंबरला उणे 12 वर पहिल्या तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या आणि सातव्या फेरीत राउंडिंगची (गणित चुकल्याची) एरर आली. तेव्हा रात्रभर, आणि शक्यतो पहाटेच्या थंडीत. एरर आली की त्या कोअरचा आकडा 3 ने वर आणायचा (उणे 12 चा उणे 9), बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि पुन्हा रात्र. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कुठल्या औषधाने ताप उतरला हे कळत नाही.

चार रात्रींनंतरचे आकडे: कोअर 0 उणे 22, कोअर 1 उणे 25, कोअर 2 उणे 6, कोअर 3 उणे 18, कोअर 4 आणि 5 उणे 27. तुमच्या चिपला हे जसेच्या तसे टाकू नका, प्रत्येक तुकडा वेगळा असतो. त्यानंतर सहा आठवडे इव्हेंट 18 नाही.

क्रम महत्त्वाचा, तो आधी सांगायला हवा होता. कर्व्हला हात लावण्याआधी रॅमचा निकाल लावा. पीबीओ बंद, कर्व्ह शून्य, फक्त एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारं सेटिंग) चालू, आणि मेमटेस्ट86 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या. या पिढीला अधिकृत आधार 3200 चा आहे. 3600 हे ओव्हरक्लॉकच धरलं जातं, पाकिटावर काहीही छापलेलं असो. 3600 वर फॅब्रिकचा (कोअर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिपमधल्या दुव्याचा) क्लॉक 1800 होतो, बायोसमध्ये एफक्लॉक या नावाने तो तेवढाच आहे का बघा. इव्हेंट 19, म्हणजे दुरुस्त झालेल्या एररची नोंद, ढिगाने दिसत असेल तर संशय कोअरवर घेऊ नका, फॅब्रिक आणि रॅमवर घ्या. एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) 1.1 पर्यंत नेऊन बघा, नाहीतर 3200 वर या. निळ्या स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट आलं तरी आधी रॅमच. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आलं तर कोअरचं व्होल्टेज कमी पडतंय.

आणखी एक फसवा प्रकार. क्रॅश नाही, काही नाही, पण बेंचमार्कचा आकडा घसरला. सगळ्या चिपला व्होल्टेजचा उणे ऑफसेट (सरसकट कपात) दिला की असं होतं: एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक 4600 दिसतो, पण खाली इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षातला वेग) बघितला तर 4400. चिप पडण्याऐवजी ठोके गाळून वेळ मारून नेतेय. ऑफसेट शून्य ठेवा आणि कर्व्हनेच काम करा. सगळे कोअर हाताने 4.6 वर बांधून टाकण्याचा जुना प्रकार या चिपला तोट्याचाच, कारण एकट्या कोअरचा वरचा बूस्ट त्यात जातो. हलक्या कामात व्होल्टेज क्षणभर 1.45 च्या वर दिसतं, त्याला घाबरू नका. तेच 1.45 हाताने कायमचं बांधणं वेगळं. ते करू नका.

आता लाईट. इकडे निम्मे "ओव्हरक्लॉक क्रॅश" हे ओव्हरक्लॉकचे नसतातच. ओळखायची खूण सोपी: इव्हेंट 41 आहे, 18 नाही, आणि त्याच क्षणी पंखा मंदावला किंवा ट्यूबलाइट लुकलुकली. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं किंवा बाजूचं बटण बघा. नॉर्मल मोडवर बदल व्हायला जो वेळ लागतो तो पंख्या-बल्बला चालतो, पीसीला नाही. बटण यूपीएस मोडवर हवं. या मोडचा एक तोटा खेड्यातल्या फीडरवर जाणवतो: व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांत, मोटारी चालू असताना, दिवसभर हा खेळ चालतो आणि बॅटरी उतरते. तिथे आधी स्टॅबिलायझर, मग इन्व्हर्टर. स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही एसएमपीएसना भाराखाली झेपत नाही. सेटिंग मूळ ठेवूनही लाईट जाताच पीसी पडत असेल तर प्रोसेसरला बोल लावू नका.

उन्हाळ्याचं थोडक्यात. हवेचा कूलर कुठलाही असो, खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली एक अंश वाढली की चिपही साधारण एक अंश वाढते. हिवाळ्यात सिनेबेंचमध्ये 66 वर असलेली चिप मे महिन्यात 90 ला टेकते. तिची हद्द 95. सोबत मिळणारा छोटा रेथ स्टेल्थ कूलर इथल्या मे महिन्यात पीबीओसाठी नाहीच. त्यावर प्रोसेसरचं भरीत होतं. मार्च संपला की पीपीटी 76 वर आणा, फार उकाडा असेल तर 60 वर. गेममध्ये फरक जाणवत नाही, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीत असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ घेऊ नका. क्षाराच्या पाण्याचे बारीक थेंब आणि ओलसर धूळ मिळून प्रोसेसरच्या कूलरच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांत) जो लगदा बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. जिनिंगच्या हंगामात जवळपास राहणाऱ्यांना रुईचा त्रास वेगळाच. समोरची जाळी दर पंधरवड्याला काढून झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा, मोकळा फिरवू नका.

एक गोष्ट अजून खटकते. नव्या वर्षात बायोस अपडेट केलं आणि जपून ठेवलेलं प्रोफाइल नव्या बायोसने उघडलंच नाही. सगळे आकडे शून्यावर. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढलेला होता म्हणून निभावलं. आकडे पुन्हा भरल्यावर कोअर 3 उणे 18 वर पडायला लागला, तो आता उणे 15 वर आहे. म्हणजे अपडेटनंतर जुने आकडे खरे धरायचे नाहीत, किमान एक रात्र पुन्हा द्यायची. आणि सेटिंग इतकं बिघडलं की बोर्ड चित्रच देत नाही, तर एसएमपीएसची वायर काढून सीएमओएसच्या (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा सीआर2032 सेल पाच मिनिटं काढून ठेवा. दुकानात न्यायची गरज नाही.

हे सगळे प्रयोग चालू असताना कामाच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. अर्धवट रिस्टार्टने विंडोजच्या फाइली बिघडतात, मग सेटिंग दुरुस्त झाल्यावरही क्रॅश चालू राहतात आणि माणूस पुन्हा कर्व्हच्या मागे लागतो. शेवटी एकदा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही त्या फाइली दुरुस्त करणारी आज्ञा चालवा.

मिळालं काय? सिनेबेंच आर23 मध्ये सुमारे 11 हजारांचे पावणेबारा हजार झाले. सात टक्के, त्यासाठी चार रात्री आणि वॉरंटीवर पाणी, कारण ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही आणि पीबीओ चालू करताना बायोस ते स्पष्ट बजावतं. अधिक 200 चा बूस्ट आता काढून शून्यावर आणलाय. गेममध्ये त्याने काही दिलं नव्हतं, क्रॅश तेवढे दिले. कर्व्ह मात्र राहील, कारण पीपीटी 76 वर ठेवूनही त्याच वॉटात क्लॉक थोडा जास्त मिळतो, आणि तो फायदा मे महिन्यात लागतो. उन्हाळ्यात दिलेले पाच तारे आता साडेतीन. कापलेला दीड तारा प्रोसेसरचा नाही, उणे 30 चा आहे.